चिंचणीचे ताम्रपट आणि राष्ट्रकूटांचा अस्त

बोईसरहून समुद्राकडे निघाले आणि एमआयडीसीचे कारखाने मागे पडले की खाडीच्या दोन काठांवर दोन जुनी बंदरगावे लागतात. दक्षिणेला तारापूर, उत्तरेला चिंचणी. तारापूरचे नाव अणुवीज केंद्रामुळे देशभर झाले. चिंचणीचे नाव मात्र पंचक्रोशीबाहेर फारसे कुणी घेत नाही. तरीही दख्खनच्या एका मोठ्या साम्राज्याचा शेवट समजून घ्यायचा तर चिंचणीइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. १९५५ साली या गावात काही जुने ताम्रपट हाती लागले. पुराभिलेखांचे मोठे अभ्यासक दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचले आणि ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. एकूण पाच शासने. सर्वांत जुने शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चे आणि सर्वांत अलीकडचे शके ९७५ म्हणजे इ.स. १०५३ चे. ती इथून उत्तरेकडच्या संजाण या जुन्या बंदराच्या परिसराची आहेत आणि त्यांच्या केंद्रस्थानी तिथला एक मठ आहे.

पहिले शासन लिहिले गेले तेव्हा राष्ट्रकूट साम्राज्य भरात होते. शेवटचे लिहिले गेले तेव्हा ते नाहीसे होऊन ऐंशी वर्षे लोटली होती. मधल्या काळात काय घडले ते सांगायचे तर आधी हे राज्य कसे होते ते पाहावे लागते.

राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्यातला दंतिदुर्ग हा बदामीच्या चालुक्यांचा सामंत होता. इ.स. ७५३ च्या सुमारास त्याने आपल्याच धन्याला, दुसऱ्या कीर्तिवर्म्याला, हरवले आणि दख्खन ताब्यात घेतली. त्याच्यामागून आलेल्या पहिल्या कृष्णाने वेरूळचे कैलास लेणे कोरवले. तिसऱ्या गोविंदाच्या फौजा उत्तरेत दूरवर गेल्या. अमोघवर्षाने चौसष्ट वर्षे राज्य केले आणि मान्यखेटाची राजधानी नावारूपाला आणली. हे मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातले आजचे मळखेड. इ.स. ८५१ च्या सुमाराच्या अरबी प्रवासवृत्तात जगातल्या चार थोर राजांची नावे येतात. बगदादचा खलिफा, चीनचा बादशहा, रूमचा सम्राट आणि चौथा ‘बल्हरा’. हा बल्हरा म्हणजे मान्यखेटचा वल्लभराज.

अरबांना मान्यखेट इतके जवळचे का वाटावे, याचे उत्तर आपल्या किनाऱ्यावर आहे. खंबायतपासून चौलपर्यंतची बंदरे राष्ट्रकूटांच्या छत्राखाली होती. अल-मसूदी हा प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तिथे दहा हजार मुसलमान राहत होते असे तो लिहितो. तिथला कारभारी म्हणून त्याने झंझ याचे नाव दिले आहे. झंझ हा ठाण्याच्या शिलाहारांपैकी, म्हणजे राष्ट्रकूटांचा सामंत. अमोघवर्षाचा इ.स. ८७१ चा प्रसिद्ध ताम्रपट तर थेट संजाणला मिळाला. संजाण आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे, पण बोईसरहून डहाणूमार्गे गाडीने उत्तरेला गेले की उंबरगावच्या पुढचे स्टेशन तेच.

चिंचणीचा इ.स. ९२६ चा ताम्रपट तिसऱ्या इंद्राच्या काळातला आहे. त्यात संजाणचा अधिकारी म्हणून मधुमती या ताजिक माणसाचे नाव येते. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप, आणि त्याच्या बापाचे नाव सहियारहार, म्हणजे शहरियार. इंद्राच्या आधीचा राजा दुसरा कृष्ण याने त्याला संपूर्ण संयान मंडल, म्हणजे संजाणचा प्रांत, सोपवले होते. धन्याच्या वतीने त्याने किनाऱ्यावरच्या बंदरांचे ठाणेदार जिंकले आणि तिथे आपली माणसे नेमली. त्याने नद्यांवर फुकट तरी, म्हणजे नावा, सुरू केल्या आणि संजाणला अन्नसत्र काढले. त्या सत्रात भात, कालवण आणि तूप मिळे, इतका तपशील ताम्रपटात आहे. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संजाणला भगवतीचा मठ बांधला, तेव्हा देवीच्या पूजेसाठी व मठाच्या खर्चासाठी याच मधुमतीने राजाच्या संमतीने एक गाव आणि काही जमीन लावून दिली.

या फुकट तरींनी मला नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख आठवतो. नहपान क्षत्रपाच्या या जावयाने डहाणुका, दमणा, पारादा अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे तिथे कोरलेले आहे. कित्येक शतके गेली, राजवटी किती आल्या आणि गेल्या, पण या किनाऱ्यावर राज्य करणाऱ्याने वाटसरूला नदीपार न्यायचे, ही रीत टिकून राहिली.

मधुमतीच्या नेमणुकीत राष्ट्रकूटांच्या राज्यकारभाराचे मर्म आहे. मान्यखेटला बसून संजाणची जकात मोजणे, चौलच्या व्यापाऱ्यांचे तंटे मिटवणे, लाटात (दक्षिण गुजरातेत) आणि वनवासीत फौज ठेवणे अशक्यच होते. म्हणून कर्तबगार माणूस हेरायचा, त्याला सगळे मंडल तोडून द्यायचे, खंडणी आणि लढाईच्या वेळी सैन्य एवढेच मागायचे. माणूस परधर्मी, परदेशी असला तरी हरकत नव्हती. या उदारपणामुळे हे राज्य दोनशे वर्षे वाढत राहिले. त्याच्या नाशाची सोयही याच पद्धतीत होती, असे मला ठामपणे वाटते. ज्याला मंडल दिले त्याच्या हाती महसूल आला, महसुलातून सैन्य आले, आणि पुढच्या पिढीत ते मंडल बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. सम्राटाकडे राहिला तो दरारा. तो जोपर्यंत खरा होता तोपर्यंत सगळे ठीक चालले.

तिसऱ्या इंद्राच्या हयातीत तो दरारा खरा होता. त्याच्या फौजांनी इ.स. ९१६ च्या सुमारास कनौज घेतले आणि तिथल्या प्रतिहारांचे कंबरडे मोडले. पण तो गेल्यावर थोरला मुलगा, दुसरा अमोघवर्ष, जेमतेम वर्षभर गादीवर टिकला. धाकटा चौथा गोविंद राजा झाला. गोविंदाच्या स्वतःच्या ताम्रपटात एक विलक्षण श्लोक आहे. अंगी सामर्थ्य असूनही या राजाने थोरल्या भावाशी क्रूरपणा केला नाही, असे त्यात आवर्जून सांगितले आहे. असा खुलासा सरकारी दानपत्रात घालण्याची वेळ ज्या राजावर येते, त्याच्याविषयी लोक काय बोलत असतील ते वेगळे सांगायला नको.

गोविंदाला काढले ते सामंतांनी. वेमुलवाड्याचा अरिकेसरी यात पुढे होता. कन्नडचा आदिकवी पंप याच्याच पदरी होता. त्यांनी गोविंदाचा वयस्कर चुलता बद्दिग याला आणून गादीवर बसवले. पुढे याच बद्दिगाच्या मुलाने काढलेल्या देवळी आणि कऱ्हाडच्या ताम्रपटांत, सामंतांनी विनंती केली म्हणून आपल्या पित्याने राज्य स्वीकारले, असे अभिमानाने नोंदवले आहे. मला तर साम्राज्याच्या शेवटाची सुरुवात या वाक्यात दिसते. सामंत राजा बसवू शकतात हे एकदा कागदोपत्री, नव्हे ताम्रपटावर, मान्य झाले की सामंत राजा उठवूही शकतात हे वेगळे मान्य करावे लागत नाही.

बद्दिगाचा मुलगा तिसरा कृष्ण इ.स. ९३९ मध्ये गादीवर आला. हा वंशातला शेवटचा पराक्रमी पुरुष. इ.स. ९४९ मध्ये तक्कोलमच्या रणांगणावर त्याने चोळांचा पुरता पराभव केला. चोळ युवराज राजादित्य हत्तीवर बसलेला असताना मारला गेला. त्याला मारणारा गंगवंशीय बूतुग हा कृष्णाचा मेहुणा. या लढाईची आठवण कर्नाटकातल्या अतकूरच्या दगडावर कोरलेली आहे. तो लेख वाचताना हसूही येते आणि भीतीही वाटते. बूतुगाचा मनलेर नावाचा एक वीर होता. त्याच्या शौर्यावर खूश होऊन धन्याने ‘काय हवे ते माग’ म्हटले, तेव्हा त्याने काळी नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे ती कुत्री एका रानडुकराशी झुंजताना मेली, डुक्करही मेले, आणि मनलेराने तिच्या स्मरणार्थ हा दगड उभा केला. त्याच दगडावर दुसऱ्या बक्षिसाचीही नोंद आहे. राजादित्याला मारल्याबद्दल कृष्णाने बूतुगाला वनवासी बारा हजार, बेळवोल तीनशे, पुरिगेरे तीनशे (हे आकडे प्रांतांच्या नावांचाच भाग) आणि आणखी दोन प्रांत दिले. एका शौर्याचे मोल कुत्री आणि दुसऱ्याचे मोल अर्धे कर्नाटक. जिंकलेला मुलूख असा वाटला जात होता, आणि ज्यांना वाटला जात होता ते राजाइतके मोठे होत होते.

दहा वर्षांनी, मार्च ९५९ मध्ये, कृष्णाने कऱ्हाडचे दानपत्र दिले. देणगी कऱ्हाड प्रांतातल्या गावाची, घेणारा गगनशिव हा शैव आचार्य, पण राजाचा मुक्काम होता थेट तमिळ देशातल्या मेलपाडीच्या छावणीत. तिथे तो काय करत होता हेही पत्रात दिले आहे. दक्षिणेतली मंडले आपल्या सेवकांना वाटून देत होता आणि मांडलिकांकडून खंडणी गोळा करत होता. सोमदेवसूरीचा ‘यशस्तिलक’ हा ग्रंथही त्याच वर्षी पूर्ण झाला, आणि त्यातही मेलपाडीच्या छावणीचा उल्लेख आहे. सम्राट वर्षानुवर्षे राजधानीपासून शेकडो मैलांवर, कावेरीच्या खोऱ्यासाठी झगडत राहिला. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे दोन माणसे मोठी होत होती.

पहिला उत्तरेला, माळव्यात. परमार सीयक राष्ट्रकूटांचा मांडलिक होता. त्याच्या इ.स. ९४९ च्या हरसोल ताम्रपटांत राष्ट्रकूट राजाचे नाव वरिष्ठ म्हणून सन्मानाने येते. प्रतिहार दुबळे झाल्यावर माळव्याला उत्तरेकडून धाक उरला नव्हता. इंद्राने कनौज जिंकून शत्रू संपवला, पण त्याबरोबर सीयकाच्या डोक्यावरचे ओझेही उतरवले.

दुसरा घराजवळच होता, भीमेकाठच्या तर्दवाडीत. इ.स. ९६५ च्या एका कानडी लेखात महासामंत तैलप याला तर्दवाडी एक हजार हा प्रांत लष्करी चाकरीबद्दल दिल्याचे नमूद आहे. हा लेख तैलपाला ‘सत्याश्रय’ कुळातला म्हणतो, म्हणजे बदामीच्या चालुक्यांचा वारस. दंतिदुर्गाने ज्यांचे राज्य घेतले, त्यांच्या कुळाचे नाव मिरवणाऱ्याला कृष्णाने आपल्या राजधानीपासून काही दिवसांच्या वाटेवर प्रांत आणि सैन्य दिले. तैलपाची बायको जाकव्वा ही राष्ट्रकूट घराण्यातली. कृष्णाला त्याचा विश्वास वाटला असेल तर नवल नाही, कारण सगळेच सोयरे होते.

कृष्ण इ.स. ९६७ मध्ये गेला. भाऊ खोट्टिग उतारवयात गादीवर बसला. सीयकाने वेळ ओळखली. नर्मदेच्या काठी खलिघट्ट येथे मोठी लढाई झाली. परमारांचा वागडचा सरदार कंक तिथे पडला, पण वाट मोकळी झाली, आणि इ.स. ९७२ मध्ये माळव्याची फौज मान्यखेटात शिरली.

या लुटीची तारीख एका शब्दकोशामुळे पक्की झाली, हे वाचून मी चकित झालो होतो. धनपाल हा धारचा पंडित. त्याने आपल्या बहिणीसाठी ‘पाइअलच्छी’ हा प्राकृत कोश रचला आणि शेवटी लिहिले की विक्रम संवत १०२९ मध्ये, माळव्याच्या लोकांनी मान्यखेट लुटले तेव्हा, हा ग्रंथ झाला. जेत्यांच्या गावात पुस्तक पुरे होत होते. हरलेल्यांच्या गावात त्याच वेळी पुष्पदंत होता. भरत या मंत्र्याच्या आश्रयाने त्याने अपभ्रंशातले ‘महापुराण’ लिहिले; पुढे भरताचा मुलगा नन्न यानेही त्याला आश्रय दिला. हा थोर कवी दूरदेशाहून मान्यखेटला आला होता आणि इथेच स्थिरावला होता. शहर जळाल्यावर आता आपण कुठे राहायचे, असा त्याचा विलाप त्याच्या काव्याच्या पोथीत राहिला आहे. साम्राज्य पडल्याच्या बातम्या ताम्रपटांत आणि प्रशस्तींत पुष्कळ सापडतात, पण घर गेल्याचे दुःख सांगणारा आवाज क्वचितच ऐकू येतो.

खोट्टिग त्याच वर्षी गेला आणि पुतण्या कर्क राजा झाला. जामखेडजवळच्या खर्ड्याला मिळालेल्या त्याच्या ताम्रपटात सगळ्या जुन्या पदव्या जशाच्या तशा आहेत. वर्षभरात, इ.स. ९७३ मध्ये, तैलपाने त्याला हरवून राज्य घेतले. सामंताने धन्याला संपवून राज्य घेण्याची दंतिदुर्गाची रीत त्याच्याच वंशावर उलटली, तीही ज्यांच्यावर ती आधी चालवली गेली त्या चालुक्यांच्या नावाने. गंग राजा मारसिंह याने कृष्णाच्या नातवाला, चौथ्या इंद्राला, गादीवर बसवण्याची धडपड केली. ती फसली. मारसिंहाने इ.स. ९७५ मध्ये बंकापूरला सल्लेखना, म्हणजे आमरण उपासाचे, व्रत घेऊन देह ठेवला. घोड्यावरून चेंडू खेळण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नसे त्या इंद्राने इ.स. ९८२ मध्ये श्रवणबेळगोळला तोच मार्ग धरला. दोनशे वीस वर्षांचे राज्य अशा रीतीने जैन तीर्थावर उपासात संपले.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे. ठाण्याचे शिलाहार पहिल्यापासून राष्ट्रकूटांचे सामंत. कान्हेरीच्या लेण्यांत त्यांचे नवव्या शतकातले लेख आहेत आणि त्यांत अमोघवर्षाचे नाव अदबीने आधी येते. धनी पडल्यावर त्यांनी तैलपापुढे लगेच मान तुकवली नाही. भिवंडीजवळच्या भादाणे गावाचा अपराजित शिलाहाराचा ताम्रपट शके ९१९, म्हणजे इ.स. ९९७ चा आहे. लोनाडच्या लोनादित्य या देवाला गाव दिल्याचे ते पत्र. साम्राज्य मोडून चोवीस वर्षे झाली होती, पण अपराजिताने पत्राच्या आरंभी राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ दिली आहे आणि तैलपाने ते राज्य बुडवले याची हळहळ व्यक्त केली आहे. ही निष्ठा खरी असणार, पण तीत सोयही होती. मेलेल्या धन्याला खंडणी द्यावी लागत नाही. अपराजिताने त्या मोकळेपणात मोठमोठ्या पदव्या धारण केल्या आणि उत्तर कोकणची बंदरे स्वतःकडे ठेवली.

चिंचणीच्या ताम्रपटांत हा बदल अगदी जवळून दिसतो. तिसऱ्या कृष्णाच्या काळातल्या पत्रात मठ आणि शेजारचे भिल्लमालदेवाचे देऊळ यांच्यात जमिनीवरून झालेला करार आहे. भिल्लमाल म्हणजे राजस्थानचे भीनमाळ. तिथल्या व्यापाऱ्यांनी संजाणला आपला देव स्थापला होता. मठाने देवळाला ४० द्रम्म खंड द्यावा असे ठरले. कृष्ण त्या वेळी दक्षिणेच्या मोहिमांत गुंतला असेल, पण संजाणला वाद भांडून नव्हे, लिहून मिटत होता.

त्यानंतरचे पत्र शके ९५६ चे, इ.स. १०३४ चे. आता वर शिलाहार छित्तराज आहे आणि संजाणला त्याचा सामंत चामुंडराज. राष्ट्रकूट नाहीत, मधुमतीचे घराणेही अधिकारावर नाही. मठ मात्र तोच. चामुंडराजाने त्याला एक तेलाचा घाणा लावून दिला. त्या तेलावर भगवतीपुढचा दिवा जळावा आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल लावावे, असा हेतू लिहिला आहे. ही आज्ञा ज्यांना उद्देशून आहे त्या नगरजनांत अल्लिय, मधुमत अशी नावे आहेत आणि ‘हंयमन’ही आहे. हंयमन म्हणजे अंजुमन, संजाणच्या पारशी वस्तीची जमात. राजधानी लुटली गेली, घराणे बदलले, पण गावच्या कारभारात अरब, पारशी, ब्राह्मण आणि व्यापारी साठ वर्षांनीही एकत्रच बसत होते.

हे पाहिल्यावर एक प्रश्न पडतो. कोसळले ते नेमके काय? मान्यखेट कोसळले हे नक्की. तैलपाच्या वंशजांनी राजधानी कल्याणीला, आजच्या बसवकल्याणला, नेली आणि मळखेड कायमचे मागे पडले. दख्खनची फौज गंगेपर्यंत नेणारी ताकद गेली. माळव्याचे परमार, गुजरातचे सोळंकी, तंजावरचे चोळ यांना मोकळे रान मिळाले. सीयकाचा मुलगा मुंज तैलपाशी लढत राहिला आणि शेवटी त्याच्याच कैदेत मारला गेला. मुंजाविरुद्ध तैलपाला साथ देणारा भिल्लम हा नाशिककडच्या सेउण देशाचा यादव. त्याचेही घराणे आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते, आणि पुढे देवगिरीचे राज्य उभे राहिले ते याच घराण्याचे.

संजाणचा मठ, तिथले तंटे मिटवण्याची पद्धत, बंदराचा व्यापार, हे मात्र राष्ट्रकूटांच्या ताकदीवर उभे नव्हते. सम्राटाने ते जवळच्या माणसाच्या हाती सोपवले होते, म्हणून सम्राट गेल्यावरही ते चालू राहिले. ज्या वाटणीने राजधानी बुडाली, त्याच वाटणीने किनारा तरला. राष्ट्रकूटांच्या इतिहासात चिंचणीला मी इतके महत्त्व देतो ते यासाठी.

तैलपाच्या वंशजांनी या सगळ्यातून काही धडा घेतला असे दिसत नाही. त्यांनीही प्रांत वाटले, सोयरिकी केल्या, सामंत वाढवले. बाराव्या शतकाच्या मध्यावर मंगळवेढ्याचा कलचुरी बिज्जल, त्यांचाच सामंत, कल्याणीच्या गादीवर बसला. महात्मा बसवेश्वर याच बिज्जलाच्या दरबारी होते. ठाण्याचे शिलाहार मात्र टिकून राहिले. देवगिरीच्या महादेव यादवाने सोमेश्वर शिलाहाराला समुद्रावरच्या लढाईत इ.स. १२६५ च्या सुमारास बुडवले, तेव्हा त्यांच्या मूळ धन्याचे राज्य जाऊन जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. बोरिवलीच्या एकसरला जे वीरगळ उभे आहेत, त्यांवर कोरलेली जहाजे आणि वल्हेकरी याच लढाईचे असावेत असे मानले जाते.